मुसकं

नवसीने शिडी माळ्याला टेकवली, ओचा खोचला आणि दाराकडे एकदा बघून ती वर चढली. स्वतःच्याच घरात चोरासारखं चढायची तिची ही पहिलीच वेळ. खाली झोळीत आठ महिन्यांची मंजी झोपली होती. सून पाण्याला गेली होती. विहिरीवर जाऊन हंडा भरून यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच नवसीच्या हातात होता.

तिला हवं होतं बैलाचं मुसकं. खळ्यावर भात पसरून झालं होतं, पवळ्या बैलाला मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरवायचं होतं, आणि गेल्या सालचं मुसकं उंदरांनी कुरतडून टाकलं होतं. तोंड बांधल्याशिवाय बैल मळणीला धरला तर निम्मे दाणे त्याच्याच पोटात जायचे. कुणी विचारलं असतं तर नवसीने हेच सांगितलं असतं. पण एवढ्यासाठी शेजारून मुसकं मागून आणता आलं असतं. कणगीच्या मागे, गोणपाटाखाली सून काय लपवते, ते तिला बघायचं होतं.

गोणपाट सारलं तशी हाताला जाळी लागली. एक नव्हे, पुष्कळ, घडी घालून एकावर एक रचलेल्या. सालीचा वाख पिळून विणलेल्या, आणि गाठी इतक्या बारीक की चिंचणीच्या कोळ्याने बघत राहावं. माळ्यावरच्या अंधारात नवसीला त्यांचा काही अंदाज येईना. सगळ्यांत वर एक सुटा तुकडा होता. एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला, आणि निमुळतं टोक धाग्याने बांधून ठेवलेलं. तिने त्यात मूठ घालून पाहिली.

मुसकं. दुसरं काय असणार?

तिला हसूच आलं. एवढ्यासाठी आपण महिनोन्महिने जीव टांगणीला लावला! मग हसू विरलं. मुसकी विणायची तर ती लपवायची कशाला?

तिने तो तुकडा काढून घेतला. विचारायची सोय नव्हती, सून बोलत नव्हती. पण बोलत असती तरी त्या दिवशी नवसीने विचारलं नसतं. बघू या, ती मनात म्हणाली, वस्तू हलली की काय करते ती. तळहाताला जरा खाज सुटली. माळ्यावरची धूळ, उंदरांची घाण, असं म्हणत तिने हात लुगड्याला पुसला.

खाली उतरली तर उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर, ओल्या पावलांचे दोन ठसे उमटले होते. शेजारी शेजारी. कुणीतरी आत येऊन उभं राहिलं होतं आणि तसंच मागे फिरलं होतं. दारात आता कुणी नव्हतं.

पाळत ठेवते माझ्यावर, नवसी पुटपुटली. आणि तुकडा पदराखाली घेऊन खळ्याकडे निघाली.

दोन वर्षांमागे जिव्याने, तिच्या एकुलत्या एक मुलाने, ही बायको आणली होती. वाणगावच्या पुढे, खाडीकडच्या कुरणांवर तो गवतकापणीला गेला होता. लोक कापणीहून येताना मीठ आणतात, सुकट आणतात. हा माणूस घेऊन आला.

"खाडीच्या कडंला बसली व्हती, आये. येकटीच."

"कोनाची?"

"कोनाचीच नाय."

"नाव?"

"बोलत नाय."

"मुकी हाय?"

जिव्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "बोलत नाय," तो पुन्हा म्हणाला.

सोमवारी आली म्हणून नवसीने तिला सोमी म्हटलं. लग्न लागलं, भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा गाऊन गाऊन घसा बसला, पण नवरीच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. कामाला मात्र वाघ. लावणीला उभी राहिली की तिच्या ओळीला दोरी धरावी लागत नसे. जिव्या तारापूरला अणूच्या कारखान्याच्या बांधकामावर सिमेंटची घमेली वाहायला जाऊ लागला तेव्हा घर, शेत, बैल सगळं तिनेच ओढलं. नवसीला ती आवडायला लागली होती.

मग मंजी झाली. सुईण नवसीच होती. दोन प्रहर कळा चालल्या. सोमीने लुगड्याचा बोळा दातांत धरला, डोळे पांढरे केले, आणि एक आवाज न काढता लेकरू जन्माला घातलं. नाळ कापताना नवसी तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. मुकी बाई ओरडते. मुक्या माणसालाही ठेच लागली की घशातून काहीतरी येतंच. ही मुकी नव्हती. ही आवाज आत दाबून धरून बसली होती. कशासाठी?

आणि तो आग्या. ओहोळाच्या काठी, मसणवटीला लागून आग्याचं रान होतं. पानाला नुसतं अंग घासलं तरी दोन दिवस आग होते, म्हणून गुरंसुद्धा तिथे तोंड घालत नाहीत. सोमी तिथून भारे आणायची, उघड्या हातांनी. पाण्यात कुजवायची, साल सोलायची, मांडीवर वाख पिळायची. तिच्या तळहातांवर फोड यायचे, फोडांवर पुन्हा फोड. मंजीला घेताना ती तळवे बाहेर वळवून लेकराला कोपरांच्या खोबणीत धरायची, त्या कोवळ्या अंगाला आग लागू नये म्हणून. हे नवसी रोज बघायची. बघून त्या हातांना खोबरेल लावायला हवं होतं. तिला वाटायचं, लपवते काय हातांत?

"मसनातून भारा आनते तुझी सून," धाकटी जाऊ लाडकी म्हणायची. "काय करते त्याचं? भाजी?"

"दोर वळते."

"दोराला अंबाडी नाय का? मसनातलाच आग्या कशाला लागतो? आनि कसली आई गं, लेकराला येक अंगाई म्हनत नाय?"

अंगाई नवसी म्हणायची. सोमी फक्त बोटांच्या पाठीने मंजीच्या पाठीवर ठेका धरायची. तेवढ्यावर पोर झोपायची.

भाद्रपदात एकदा भर दुपारी नवसी तिच्या मागावर गेली. गावाखालच्या तळ्यापलीकडे सोमी बसली होती आणि तिच्याभोवती सहा पांढरी पाखरं उभी होती. बगळे नव्हते ते. बगळ्याच्या दुप्पट, अंगाने भरलेले, लांब मानेला बाक असलेले. हातातल्या काडीने सोमी एकेकाचं अंग मोजत होती. पाठ, छाती, पंख. पाखरं गरीब गायीसारखी मोजून घेत होती. सगळ्यांत लहान होतं त्याने आपली मान तिच्या मांडीवर टाकली, आणि सोमी वाकून रडायला लागली. खांदे हलत होते. आवाज नव्हता.

नवसी मागच्या मागे परतली. हे तिने लाडकीला सांगितलं नाही, जिव्यालाही नाही. सांगितलं तर भुताळी म्हणून सुनेला गावाबाहेर काढतील आणि मंजी आईवाचून राहील. आणि नाही सांगितलं, आणि लाडकी म्हणते ते खरं निघालं, तर मंजी कुणाच्या मांडीवर वाढते आहे? त्या दिवसापासून नवसी झोळी स्वतःच्या अंथरुणाला लागून बांधायला लागली.

नवसीने मुसकं बांधलं आणि पवळ्या तिवड्याभोवती फिरायला लागला. चार फेऱ्या नीट झाल्या. पाचव्या फेरीला त्याने मान झटकली, नाकाने फुरफुरला, जमिनीला तोंड घासायला लागला. नवसीला वाटलं, नवं मुसकं आहे, टोचत असेल.

तेवढ्यात सोमी हंडा ठेवून आली. पेंढा उलटायची काठी उचलायला वाकली, वर बघितलं, आणि काठी तिच्या हातातून गळली. ती धावत बैलाच्या तोंडाशी गेली. पवळ्याने जिभेने ओढून ओढून मुसक्याची निमुळती बाजू तोंडात घेतली होती आणि दाढांखाली रगडत होता. सोमी दोन्ही हातांनी त्याच्या जबड्यातून वाख ओढत होती.

लाडकी भारा घेऊन आली ती नेमकी तेव्हा. तिने पाहिलं ते एवढंच. सोमीचे हात बैलाच्या तोंडात, आणि बैलाच्या तोंडाला फेस. मग पवळ्याचे पुढचे गुडघे वाकले आणि तो भातावर बसला. ओठ सुजून टरारले होते.

लाडकीने खाली पडलेला मुसक्याचा तुकडा उचलला आणि किंचाळून फेकून दिला.

"अगं आयाया! आग्या हाय ह्यो! अजून आग हाय त्यात! मुसक्यात आग्या घालून बैल मारला हिनं!"

माणसं जमली. कुणी विचारलं, मुसकं कुणी बांधलं? लाडकी म्हणाली, विचारता काय, मी डोळ्यांनी बघितलं, हिचे हात तोंडात होते. सगळे सोमीकडे बघायला लागले. सोमी खाली बसून मातीतले वाखाचे तुटके धागे गोळा करत होती.

मी बांधलं. एवढंच नवसीला म्हणायचं होतं. पण बांधलं मी तरी विणलं कुणी? आग्याचं मुसकं कुठली शहाणी बाई विणते? मी उचललं नसतं तर उद्या तिने काय केलं असतं ते? असं मनाला समजावता समजावता बोलायची वेळ टळून गेली.

"आज बैल," लाडकी म्हणाली, "उद्या ती पोर."

बोईसरकडे जाणाऱ्या खडीच्या ट्रकवर जिव्याला निरोप धाडला. गोमा भगत येऊन बैल बघून गेला. उद्या उन्हं वर आली की खळ्यावरच तांदूळ बघतो म्हणाला. तांदूळ बघून मागे एका पाड्यावर एका बाईला भुताळी ठरवलं होतं. तिचं पुढे काय झालं, ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

सकाळी सगळा पाडा खळ्याभोवती बसला. सोमी आपणहून माळ्यावरच्या जाळ्यांचं गाठोडं घेऊन आली आणि मध्ये बसली. उरलेल्या धाग्यांची ती काहीतरी जुळवाजुळव करत होती. धागे पुरत नव्हते. चार गाठी मारायची, मापून बघायची, पुन्हा सोडायची. पवळ्याची सूज उतरली होती. नवसीने संध्याकाळी त्याच्या तोंडाला खोबरेल चोळलं होतं. पण ते आता कुणी लक्षात घेत नव्हतं.

जिव्या तसाच कामावरून चालत आला होता. पायांवर सिमेंट वाळलं होतं.

"सोमे," तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "येकदा बोल. नुसतं नाय म्हन. बाकी मी बघतो."

सोमीने त्याच्याकडे बघितलं. डोळे भरून आले, ओठ हलले, आणि तिने ओठ दातांखाली धरला तो रक्त येईपर्यंत. बोटं थांबली नाहीत.

गोमाने सुपात तांदूळ घेतले. म्हाताऱ्याने ते हाताने सारखे केले. "मला बी ह्ये नको वाटतं, नवसे," तो हळू म्हणाला. "पन बैलाचं तोंड बघितलं मी." मग त्याने मोठ्याने विचारलं, "पोरी, मुसकं तू बांधलंस?"

सोमीने आणखी एक गाठ मारली.

"तू बांधलंस?"

नवसीच्या मांडीवर मंजी होती. तिने आजीच्या गळ्यातली पोत मुठीत धरली होती आणि ती ओढून ओढून तोंडात घालत होती. पोत मानेला काचत होती. सोमीने वर बघितलं, गोमाकडे नाही, नवसीकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. जशी विहिरीवरून येताना वाट बघते, कुणी हंडा उतरवून घेईल म्हणून.

"तिसऱ्यांदा इचारतो, पोरी—"

"गोमा," नवसी म्हणाली. "मुसकं मी—"

सुपावर सावली पडली. वाऱ्याचा असा झोत आला की खळ्यावरचा भुसा उठला, सगळ्यांनी डोळ्यांवर पदर घेतले, लेकरं ओरडली, आणि नवसीचे उरलेले शब्द तिचे तिलाही ऐकू आले नाहीत. सहा पांढरी पाखरं तिवड्याभोवती उतरली. सोमी उभी राहिली. गाठोड्यातली एकेक जाळी तिने एकेका पाखरावर फेकली, आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं, जाळ्या नव्हत्याच त्या, पैरणी होत्या. गळा होता, बाह्या होत्या. पैरण अंगावर पडली की पिसांच्या जागी माणूस उभा राहायचा, झोपेतून उठवल्यासारखा. एक, दोन, पाच. सहावी पैरण सगळ्यांत धाकट्याची. तिला एकच बाही होती. धाकटा उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा हात माणसाचा होता. डाव्या खांद्याला पांढरा पंख होता.

सुपातले तांदूळ उडून गेले होते. गोमाला बघायला काही उरलं नव्हतं.

"आमी भाव हिचे," थोरला म्हणाला. शब्द त्याला आठवून आठवून काढावे लागत होते. "सावत्र आईनं पाखरं करून सोडलं व्हतं. आग्याच्या सा पैरणी इनायच्या, आनि सा वर्सं तोंडातून आवाज काढायचा नाय. काढला आसता तर आमी उडता उडता मरून पडलो आसतो. आज सा वर्सं भरली."

सोमीने हे ऐकलंसुद्धा नाही. ती नवसीसमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"मंजे," ती म्हणाली.

आवाज खरखरीत होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. मंजीने मान वळवली. आजीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, हाक कुठून आली ते शोधत राहिली. समोरच्या तोंडातून ती येईल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मंजे," सोमी पुन्हा म्हणाली, आणि पोर ओठ काढून रडायला लागली. तशी सोमीही रडली. या वेळी मोठ्याने, गळा काढून, सहा वर्षांचं सगळं.

पाच भाऊ दोन दिवस राहून आपल्या मुलखाला गेले. धाकटा राहिला. जिव्या त्याला तारापूरला कामावर घेऊन गेला होता, पण मुकादमाने पंख बघितला आणि हात जोडले. धाकटा मग घरीच असे. दुपारी मंजी त्याच्या पंखाखाली झोपायची.

लाडकी सोमीला "बाय" म्हणायला लागली. "मला तर पहिल्यापास्नं वाटत व्हतं," ती विहिरीवर सांगायची, "ह्या पोरीत कायतरी देवाचं हाय." आणि सोमी? सोमीला बोलायला दिवस पुरेना. चुलीशी बोलायची, बैलाशी बोलायची, मंजीला न्हाऊ घालताना तिच्या एकेका बोटाला नाव द्यायची. अंगाई मात्र नवसीलाच म्हणायला लावायची. म्हणायची, "तू म्हन, आये, पोरीला तुझाच आवाज सवयीचा हाय."

मुसक्याबद्दल ती कधी बोलली नाही.

हेच नवसीला खात राहिलं. त्या दिवशी आपण बोललो ते कुणी ऐकलं होतं का? मुसकं कुणी बांधलं, हा प्रश्न पुन्हा कुणी विचारलाच नाही. चुलीपाशी बहीणभाऊ हळू आवाजात काही बोलत असले की नवसी कुडाला कान लावायची. कधी पिठाचं बोलणं असायचं, कधी त्यांच्या आईचं. तरी तिला वाटायचं, आपली चाहूल लागली म्हणून विषय बदलला. धाकटा एका हाताने भाकर मोडायला धडपडायचा आणि नवसीचा घास तोंडात फिरायचा.

पुढच्या सालची मळणी आली. नवसीने पवळ्याला तिवड्याशी आणला आणि तसाच फिरवायला लागली.

"मुसकं कुठं?" लाडकी बांधावरून ओरडली. "येड लागलं काय? निम्मं भात खाईल तो!"

"खाऊ दे."

मळणी झाली, पेंढा काढला, आणि भात उफणून भुसा उडवायची वेळ आली तसा वारा पडला. पान हलेना. नवसी सूप भरून उभी होती. हात भरून आले. धाकटा मंजीला घेऊन सावलीत बसला होता. मंजी आता चालायची, त्याच्या पंखातली पिसं उलटीसुलटी करत होती. खळ्यावर चौथं कुणी नव्हतं.

"आयक," नवसी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझी बाही. ती मी नेली व्हती."

"ठाव हाय."

नवसीने सूप खाली केलं. "सोमी बोलली?"

"ताय काय बोलंल? मीच बघितलं. वरून सगळा पाडा दिसतो, आये. तू बैलाच्या तोंडाला बांधत व्हतीस, आनि मी म्हनलं, अरे, ही तर माझी बाही." तो किंचित हसला. "तायनं बी बघितलं. हंडा घेऊन दारात आली नि तशीच मागं फिरली ती, तू भायेर यायच्या आधी."

सारवलेल्या जमिनीवरची दोन ओली पावलं नवसीला दिसली. शेजारी शेजारी.

"मग थांबवायचं व्हतं मला," ती म्हणाली. "येक हाक मारली आसती तर—"

आणि तिथेच थांबली.

मंजीने एक पीस उपटलं. "आता गं," धाकटा कळवळला, आणि तिला उचलून बाजूच्या पेंढ्यावर बसवून उठला. खांदा दोनदा हलवला, अवघडलेला हात मोकळा करतात तसा.

"सूप वर धर, आये. डोक्याच्या वर. मी वारा देतो."

नवसीने सूप वर धरलं. पंख उघडला तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता. भुसा उडून बांधापलीकडे गेला आणि दाणे सरळ तिच्या पायांवर पडायला लागले. मागे पवळ्या मोकळ्या तोंडाने पेंढा चघळत होता. घरातून सोमीची हाक आली, "आये, भाकर झाली, या गं जेवायला!" नवसीने ती ऐकली. पण सूप रिकामं होईपर्यंत तिला ओ देता आली नाही.